टॉमच्या चाळीस खुर्च्या

आयर्लंड मी निवडला तो एवढ्यासाठी, की तिथे मला ओळखणारं कुणी नाही. सिंगापुरात आमचं एक छोटं मराठी नाट्यमंडळ आहे. एप्रिलमध्ये जयंतीची नाटिका, दिवाळीला एकांकिका. बारा वर्षं ते मी चालवते: हॉलचं बुकिंग, कपडे, खाणं, माणसांना फोन आणि शेवटी खुर्च्या उचलणंसुद्धा. दिवसा हार्बरफ्रंटच्या शिपिंग ऑफिसात नोकरी, संध्याकाळी ही हमाली. या वर्षी चारच जण उरले. तेव्हा ‘मंडळ बंद करत आहोत’ असा निरोप मी फोनमध्ये लिहून ठेवला, पाठवायचा तेवढा बाकी होता. लेकीला दाखवला तर ती तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, “आई, जस्ट क्विट लाह. सो टायरिंग फॉर व्हॉट?” खरंच होतं तिचं. परत आल्यावर पाठवू, असं ठरवून विमानात बसले.

जाणाऱ्यांसाठी: सिंगापूरहून डब्लिनला थेट विमान नाही, मध्ये एकदा बदलावं लागतं. भारतीय पासपोर्ट असेल तर युरोपचा शेंगेन व्हिसा चालत नाही, आयर्लंडचा वेगळा काढा. भाड्याची गाडी ऑटोमॅटिक हवी असेल तर आधीच सांगून ठेवा. आम्ही सांगितलं नव्हतं, त्यामुळे माझा नवरा मिलिंद आठ दिवस गिअर शोधत होता. गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालतात, तेवढाच दिलासा.

पश्चिमेकडे तीन तास मोठा रस्ता, मग खेड्यांचे रस्ते. ते इतके अरुंद की मधोमध गवत उगवलेलं. समोरून गाडी आली की एकाने मागे जायचं. जाताना समोरचा स्टिअरिंगवरचं एक बोट उचलतो, हा तिकडचा रामराम. दुसऱ्या दिवसापर्यंत मिलिंदही बोट उचलायला लागला. मी मात्र खिडकीला डोकं टेकून झोपत होते. मेंढ्या दिसल्या की तो मला उठवायचा, मी “हं” म्हणून पुन्हा झोपायचे.

मिलिंद सिव्हिल इंजिनिअर. त्याला जुन्या इमारती बघायच्या असतात आणि तिकडच्या खेड्यांत जुनी इमारत म्हणजे गावाचं काहीतरी केंद्र असतं. पहिल्या गावात दूध डेअरी होती, आता तिथे चित्रं लावतात आणि बायका गोधड्या शिवायला बसतात. दुसऱ्या गावात जुनं कोर्ट. आरोपीच्या पिंजऱ्यात गावातल्या लग्नांचे फोटो मांडलेले. नाटकापासून पळाले आणि हॉलमध्येच येऊन पडले, म्हणजे आगीतून फुफाट्यात. अशा जागा आठवड्यातून दोन-तीन दुपारीच उघडतात. कुलूप दिसलं तर शेजारच्या दुकानात विचारा, किल्ली बहुतेक तिथेच असते. सोबत सूप आणि जाड तपकिरी पाव मिळतो, आठ-नऊ युरोत पोट भरतं. शाकाहाऱ्यांनी सूप कशाचं आहे ते विचारून घ्यावं.

चौथ्या दिवशी आम्ही राहिलो ते गाव म्हणजे एक रस्ता, दोन पब आणि एक रिकामं झालेलं चर्च. प्रार्थनेला कुणी उरलं नाही म्हणून ते गावाने घेतलं आणि आत छोटा रंगमंच बांधला. त्या शुक्रवारी नाटक होतं. मी येणार नाही म्हटलं. आमच्या घरमालकीणबाई नोरीन, सत्तरी ओलांडलेल्या, म्हणाल्या, “या हो, पाऊस आहे, दुसरं करणार काय?” मी “नको, नको” म्हटलं. त्यांनी तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा आपल्याकडे कोण नाही म्हणतं? तिकीट दहा युरो, रोखच चालतं.

नाटक बेतास बात होतं. नायकाला वाक्यं आठवत नव्हती आणि पहिल्या रांगेतली त्याची बायको ती मोठ्याने सांगत होती. लोक पोट धरून हसत होते. मध्यंतरात दुधाचा चहा मिळाला, तो मात्र फक्कड होता.

नाटक संपलं आणि मी सवयीने उठले. दोन खुर्च्या दुमडल्या, चार दुमडल्या. सिंगापुरात खोलीची वेळ सातला संपते, तोवर सगळं आवरावं लागतं. हात आपोआप चालतात. भिंतीशी एक म्हातारा उभा होता, काठी टेकवून, माझ्याकडे बघत. नोरीन माझ्याजवळ आल्या आणि माझ्या हातातली खुर्ची काढून त्यांनी पुन्हा उघडून ठेवली.

“खुर्च्या टॉमच्या आहेत,” त्या हळूच म्हणाल्या.

“पण त्यांना त्रास होईल. मी पाच मिनिटांत...”

“माहीत आहे. त्याला चाळीस खुर्च्यांना पाऊण तास लागतो. आम्ही थांबतो. तू उचलल्यास तर पुढच्या शुक्रवारी तो घरीच बसेल.”

त्यांनी मला स्वयंपाकघरात नेलं. कपाटाच्या दाराला आतून कागद चिकटवला होता. एका नावासमोर किटली, एकासमोर दूध, एकासमोर दिवे, टॉमसमोर खुर्च्या. कुणाकडेच दोन कामं नव्हती. “मग तुम्ही काय करता?” मी विचारलं. “मी? मी काही करत नाही. फार अवघड आहे ते,” नोरीन म्हणाल्या आणि हसल्या.

मी बाहेर येऊन बसले. टॉम एक खुर्ची दुमडायचा, कुणाशी तरी बोलायचा, मग दुसरी. जून महिना, नऊ वाजून गेले तरी खिडकीत उजेड होता. आणि मला वाघमारे काका आठवले.

काका निवृत्त संशोधक. तोआ पायोहला आमच्यापासून दोन ब्लॉक सोडून राहतात. मंडळाच्या पहिल्या तालमीपासून चहा त्यांचा असायचा, घरून फ्लास्कमध्ये. पण नेहमी उशीर. तालीम खोळंबायची. तीन वर्षांपूर्वी मी त्यांना म्हटलं, “काका, तुम्ही नका दगदग करू, मी पॅकेटवाला चहा मागवते.” मला वाटलं, मी त्यांची सोय बघतेय. दोन तालमींनंतर ते यायचे बंद झाले. मग त्यांच्याबरोबर येणारे दोघे. प्रत्येकाच्या हातातलं काम मीच घेतलं होतं आणि वर माणसं येत नाहीत म्हणून कुरकुरत होते. तिथे, परक्या गावच्या चर्चमध्ये, मला लाज वाटली. मिलिंदला सांगितलं तर तो म्हणाला, “मी तेव्हाच बोललो होतो.” बोलला होताही.

पुढचे तीन दिवस समुद्राकाठचे उंच कडे, वारा आणि ओले बूट. त्याबद्दल लिहिण्यासारखं फार नाही; कडे सुंदर आहेत, पार्किंग महाग आहे.

सिंगापुरात उतरले तेव्हा अंग मोडून आलं होतं आणि घरात कपड्यांचा ढीग. थकवा उतरवायला गेलेली मी दुप्पट थकून आले. तरी दुसऱ्या दिवशी काकांकडे गेले. त्यांनी दार उघडलं, पाणी दिलं, प्रवासाचं विचारलं. मी म्हटलं, “काका, शनिवारी पाचला तालीम आहे. चहा लागेल.”

“तुमचा पॅकेटचा असतो की.”

“चुकलंच माझं.”

येतो असं काही ते म्हणाले नाहीत.

शनिवारी पाच वाजता खोलीत आम्ही चौघे होतो, मिलिंद धरून पाच. सव्वापाच झाले. खालच्या मशीनमधून चहाचे पाच कॅन आणावेत म्हणून मी दोनदा उठले. दोन्ही वेळा मिलिंद म्हणाला, “अगं, बस.” हात मांडीवर ठेवून बसणं किती अवघड असतं ते मला त्या दिवशी कळलं. पाच पस्तीसला दार ढकललं गेलं. दोन्ही हातांत फ्लास्क, खांद्याला स्टीलच्या पेल्यांची पिशवी आणि घामाघूम काका.

त्यांनी खोलीभर पाहिलं. “सुरू नाही केलीत तालीम?”

“नाही.”

“माझ्यासाठी थांबलात?”

“हो, काका.”

त्यांनी फ्लास्क टेबलावर ठेवले, पेले एकेक पुसून मांडले. अजिबात घाई केली नाही. पहिला पेला मला दिला. चहा कोमट होता, साखर जास्त. मी तो संपवला आणि आणखी मागितला. काका ओतत होते तेवढ्यात फोनमधला तो निरोप मी पुसून टाकला.