जाळीला बांधलेले कण

सासऱ्यांच्या आजारपणात तिने प्रयोगशाळेतली नोकरी सोडली. ते गेल्यावर परत रुजू झाली, तेव्हा आजूबाजूची सगळी पोरं वयाने लहान. ती तिला मावशी म्हणू लागली, विभागाचे साहेबसुद्धा. "म्हणा काहीही, पण काम द्या," ती म्हणाली.

मिळालं ते सगळ्यांनी हात टेकलेलं काम. जेलची एक लिबलिबीत पट्टी, आत लोखंडाच्या संयुगाचे अतिसूक्ष्म कण. चुंबक जवळ नेला की पट्टीने बोटासारखं वाकायचं, म्हणजे शस्त्रक्रियेत नाजूक नस अलगद धरता येईल. पण व्हायचं भलतंच. कण तेवढे कडेला जमून तपकिरी डाग पडायचा, पट्टी ढिम्म.

"चुंबक मोठा घेऊ," साहेब म्हणाले.

"घ्या. कण आणखी लवकर पळतील." मावशीने ॲप्रनच्या खिशातलं सुटं बटण काढून दाखवलं. "हे ओढलं तर एकटंच हातात येतं. शिवलेलं ओढलं तर ॲप्रनही मागोमाग येतो. जेल म्हणजे धाग्यांची जाळी. आपले कण तिच्या भोकांतून निसटतात. त्यांना धाग्यालाच बांधू या."

साहेबांनी तरीही मोठा चुंबक लावून पाहिला. कण सरसर कडेला गेले. मग ते हसून म्हणाले, "बांधा, मावशी."

तिने प्रत्येक कणावर असा लेप चढवला की जेलचे धागे त्याला चिकटावेत. पहिली पट्टी चपलेच्या तळव्यासारखी कडक निघाली. पोरांची तोंडं उतरली. मावशी मात्र खुशीत होती.

"अरे, डाग कुठे पडलाय? कण जागचे हलले नाहीत. गाठी जरा जास्त झाल्या, एवढंच."

लेप कमी करत करत एका दुपारी तिने नवी पट्टी पाण्याच्या बशीत सोडली, चुंबक जवळ आणला. पट्टी वाकली. दूर नेला, सरळ झाली. पुन्हा वाकली. मावशीने वाकलेल्या पट्टीच्या वळणात उकडलेल्या अंड्याचा पातळ पापुद्रा ठेवला. पट्टीने तो धरला, फाटू दिला नाही.

साहेब बराच वेळ बशीवर वाकून होते. "या कामाची सूत्रं तुम्हीच घ्या," ते म्हणाले.

"घेते की," मावशी म्हणाली आणि नवऱ्याला फोन लावला. "अहो, आज भाताचा कुकर तुम्ही लावा. मला इथे आणखी एक पट्टी करायचीय."