पान लागलेलं मुंगूस

पहिला बळी मामंजींच्या छत्रीचा. मूठ लाकडी म्हणून वाचली, पण कापडाला पिल्लानं चांगली चार भोकं पाडली होती. मामंजी, म्हणजे माझे सासरे, मीठ खात्यातून नुकतेच निवृत्त झाले होते. नोकरीत त्यांना हसताना कुणी पाहिलं नव्हतं, आणि घरात मीही नाही. ती छत्री उघडून ते अंगणात उभे राहिले, एका भोकातून आभाळाकडे बघितलं आणि खो खो हसले. लग्न होऊन मला पनवेलला येऊन दोन वर्षं झाली होती. मी हातातलं सूप तसंच धरून बघत राहिले.

पिल्लू मुंगसाचं. दसऱ्याच्या सुमारास मिठागराचे बांध दुरुस्त करताना बिळात सापडलेलं. आईचा पत्ता नव्हता, म्हणून मिठागरावरच्या मुकादमानं ते टोपलीत घालून आमच्याकडे आणलं. "रावसाहेब, तुमच्या मागल्या दारी लाकडां हायत. ह्याला पाला, जनावर फिरकाचा नाय," असं तो म्हणाला. पाला म्हणजे पाळा, आणि जनावर म्हणजे साप. त्याचं नाव आमच्याकडे कुणी घेत नसे.

साप फिरकला की नाही देव जाणे, पण घरातली एक वस्तू धड राहिली नाही. त्याचे दात सतत शिवशिवायचे. माझ्या चपलेचा अंगठा गेला, स्टोव्हच्या पंपाचं चामडं गेलं, सासूबाईंच्या जपमाळेचा गोंडा गेला. त्यातून रबर दिसलं की ते वेडंच व्हायचं. मामंजींच्या काठीची रबरी टोपी त्यानं दोनदा पळवली. एकदा खोडरबर खाल्लं, आणि दुसऱ्या दिवशी त्याचे तुकडे जसेच्या तसे कोपऱ्यात पडलेले सापडले. आम्ही सगळे हसलो. आपण किती मूर्ख होतो ते आता कळतं. तेव्हाच रबराची प्रत्येक वस्तू फडताळात टाकून कुलूप लावायला हवं होतं.

आता माझं दुखणं सांगायला हवं. माझा मुलगा तेव्हा चार महिन्यांचा होता. बाळंतपणानंतर मला विषमज्वर झाला आणि दूध आटलं. माझे यजमान ठाण्याला नोकरीला, शनिवारी यायचे. त्यांनी मुंबईहून काचेची बाटली आणली, होडीच्या आकाराची, एका टोकाला रबरी निपल आणि दुसऱ्या टोकाला रबरी टोपण. सासूबाईंना ती बाटली डोळ्यांसमोर नको असे. "आमच्या घरात कुणी काचेवर वाढलं नाही," हे वाक्य मी दिवसातून तीनदा ऐकत होते. मी तोंड मिटून घ्यायची. माझा स्वभाव तापट. तोंड उघडलं असतं तर घर डोक्यावर घेतलं असतं.

त्या घरात मला दुधाबद्दल काही न विचारणारं एकच होतं, ते पिल्लू. दुपारी ते माझ्या पदरात शिरून झोपायचं. माझा त्याच्यावर जीव होता, हे मी मोकळेपणानं सांगते. मामंजींचाही होता. पण सासूबाईंनी एकदा त्याला पाळण्यावर चढून बाळाच्या कुंचीचा बंद चावताना पाहिलं आणि निकाल दिला. "पुन्हा बाळाच्या वस्तूला तोंड लावलं, तर त्याच पावली हे मुकादमाच्या टोपलीत जाईल. आणि तेव्हा मला कुणी समजवायला यायचं नाही." हे त्या मामंजींकडे बघून म्हणाल्या. मामंजींनी मान खाली घातली.

मार्गशीर्षातल्या एका दुपारी मी बाटली धुऊन खिडकीत पालथी घातली आणि अंगणात वाळत घातलेली बाळाची दुपटी काढायला गेले. आत आले तेव्हा बाटली जमिनीवर लोळत होती. फुटली नव्हती. निपल मात्र नव्हतं. पाळण्याखाली त्याची फक्त चावलेली कड पडली होती, आणि पिल्लू तिथेच बसून मिशा साफ करत होतं. मी त्याचा जबडा बोटांनी उघडला. आत काही नव्हतं. सगळं गिळलं होतं.

मी काय केलं? ती कड उचलून चुलीत टाकली. रबर जळल्याचा घाण वास घरभर सुटला. माजघरातून सासूबाई ओरडल्या, "अगं, जळतंय काय?" "चिंधी पडली चुलीत," मी म्हणाले. मग बाळाला चांदीच्या बोंडल्यानं दूध पाजायला बसले. तोंडात दूध हळूहळू सोडायचं ते जुनं बोंडलं सासूबाईंनीच मला बारशाला दिलं होतं आणि मी ते कधी वापरलं नव्हतं. त्या दारात येऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता निपल विचारतील. त्या म्हणाल्या, "बरं झालं गं बाई, सुटली एकदाची ती रबराची थेरं." एवढ्या गोड आवाजात त्या माझ्याशी पहिल्यांदाच बोलल्या. त्या गोडव्यापुढे मी खरं बोलणार कशी? शिवाय मनाला म्हटलं, खोडरबर पडलं तसं हेही पडेल.

पडलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पिल्लानं अंडं हुंगलं आणि तोंड फिरवलं. असं कधी झालं नव्हतं. मी चार वेळा कोपरे बघून आले, काही नव्हतं. दुपारी ते फेस ओकलं. पाठीची कमान करायचं, उमासे काढायचं, आणि नुसता फेस. मामंजी घोंगडीचा तुकडा घेऊन त्याच्याजवळ बसले, ते जेवायलाही उठले नाहीत. मी पाणी दिलं, दूध दिलं, सगळं बाहेर आलं. संध्याकाळी त्याचं पोट टम्म झालं. प्रत्येक वेळी मी तोंड उघडायला जायची आणि सासूबाई तिथेच असायच्या. हे मी आज स्वतःची बाजू मांडण्यासाठी सांगत नाही. त्या नसत्या तरी मी बोलले असते की नाही, कुणास ठाऊक.

तिसऱ्या दिवशी सकाळी मुकादम आला. त्यानं पिल्लाच्या नाकावरचा ओरखडा बघितला. परसात जाऊन लाकडांचा ढीग बघितला. तिथे महिन्याभरापूर्वी सासूबाईंना सापाची कात दिसली होती, ते त्यांनी लगेच सांगितलं. पिल्लू परवा तिथे धडपडत होतं, तेही सांगितलं. मुकादमानं मान हलवली.

"रावसाहेब, ह्याला पान लागलंय."

पान लागलं म्हणजे सर्पदंश झाला. सासूबाईंनी तोंडाला पदर लावला.

"आवशद आमच्याकं नाय. त्याचा त्यालाच म्हाईत हाय. बांधावर न्या नि सोरा. तो आपली वेल हुडकील, खाईल, बरा व्हईल. मानसाला ती गावत नाय."

मुंगसाची वेल आमच्याकडे लहान पोरालाही ऐकून माहीत असते. सापाशी झुंजून आलं की मुंगूस रानात जाऊन ती वेल चावतं आणि विष उतरतं. मामंजी इंग्रजी सहावी शिकलेले, साहेबांशी इंग्रजीत पत्रव्यवहार केलेले, पण त्यांनी क्षणभरही शंका घेतली नाही. पायात चपला सरकवल्या. पिल्लू त्यांच्या हातात देताना माझी बोटं त्याच्या पोटाला लागली. आत एक कडक गाठ होती. ती माझ्या बोटांना स्पष्ट जाणवली. मी ते त्यांच्या हातात दिलं आणि मागे झाले.

त्या सकाळी मी भाजी करपवली, भांडी आपटली, शेजारणीवर विनाकारण खेकसले. सासूबाई तिला सांगत होत्या, "बाळासाठी जीव धोक्यात घातला हो त्यानं. आणि मी त्याला घालवायला निघाले होते." त्यांचे डोळे भरले होते. मला ते ऐकवेना. अकरा वाजता बाळाला त्यांच्या मांडीवर दिलं, मामंजींसाठी भाकरी बांधून घेतली आणि खाडीकडे निघाले. निघाले म्हणजे जवळजवळ पळतच.

बांधावर सावली नव्हती. मामंजी खाली मातीत बसले होते आणि ती भोकं पडलेली छत्री त्यांनी स्वतःवर नव्हे, पिल्लावर धरली होती. समोरच्या गवताकडे, झुडपांकडे त्यांनी त्याचं तोंड करून ठेवलं होतं. पिल्लू हलत नव्हतं. फक्त बरगड्या भराभर वरखाली होत होत्या.

"जात नाही गं," ते म्हणाले. "दहा जागा बदलून पाहिल्या. एवढी झाडंझुडपं आहेत. कुठलीच हुंगत नाही."

मी म्हणाले, "मामंजी, पान लागलेलं नाही. त्यानं बाटलीचं निपल खाल्लंय. मंगळवारी. मी बघितलं होतं."

मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर फार बरं झालं असतं. त्यांनी छत्री मिटली, खांद्यावरच्या उपरण्यात पिल्लू गुंडाळलं आणि चालायला लागले. मी भाकरीचं गाठोडं घेऊन मागे. थेट गुरांच्या दवाखान्याकडे. इतक्या जोरात चालताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. धोतराचा सोगा सुटला, तोही त्यांनी आवरला नाही.

गुरांचे डॉक्टर एका बैलाचा खूर बघत होते. तो सोडून आले. त्यांनी दोन बोटांनी पोट चाचपलं आणि गाठीशी थांबले.

"आतडं बंद झालंय. कधीपासून खात नाही?"

मी खाली बघितलं. मामंजी म्हणाले, "आम्हाला आज कळलं."

डॉक्टरांनी सुस्कारा सोडला. "म्हैस असती तर पोट फाडून काढलं असतं. एवढ्याशा जिवाला गुंगी दिली तरी त्यातच जायचं. पहिल्याच दिवशी आणलं असतंत तर तेल-बिल पाजून निसटलं असतं कदाचित." तरी त्यांनी पातळ पॅराफिन दिलं, ड्रॉपरनं थेंब थेंब. दवाखान्याच्या ओट्यावर मामंजींनी पिल्लू धरलं आणि मी थेंब सोडले. पाचवा की सहावा थेंब तोंडातून तसाच बाहेर ओघळला. मी आणखी एक सोडला. मामंजींनी माझा हात धरला आणि बाजूला केला.

परतताना वडाळे तळ्याजवळ ते थांबले. पिल्लू उपरण्यात होतं.

"सूनबाई, मला एकटं गाठून सांगायचं. मी काय केलं असतं? गुपचूप दुसरं निपल आणलं असतं."

एवढंच. पुढे आयुष्यभर त्यांनी हा विषय काढला नाही.

घरी सासूबाई दारातच होत्या. "सापडली का वेल?" त्यांनी विचारलं. मी बोलायला तोंड उघडलं, आणि मामंजी माझ्याआधी म्हणाले, "नाही. उशीर झाला होता." सासूबाई मटकन खाली बसल्या. त्यांनी स्वतःच्या हातानं पिल्लाला हळदकुंकू लावलं. परसात तुळशीमागे पुरलं, तिथे दिवा लावला. दुसऱ्या दिवशी माणसं लावून लाकडांचा ढीग हलवला. साप निघाला नाही. "निघेल कसा?" सासूबाई म्हणाल्या. "त्यानं मारून टाकला म्हणून तर गेलं बिचारं." त्या दिवसापासून त्यांनी मला दुधाबद्दल कधी बोल लावला नाही. बाळ त्या मुंगसानं राखलेलं बाळ झालं होतं.

सासूबाई गेल्या, मामंजी गेले. तो चार महिन्यांचा मुलगा आता आपल्या मुलांना सांगतो, की पनवेलला एका मुंगसानं माझ्यासाठी जीव दिला. मुलं मग माझ्याकडे वळतात, कारण मी तिथे होते. "आजी, साप केवढा होता?" आणि मी दर वेळी दोन्ही हात पसरून दाखवते.

ते रबर माझ्या अंगठ्याच्या पेराएवढं होतं.