बिनहाडाचं ताट

हिवरखेडच्या स्टँडवर अकोटची एसटी लागली तेव्हा बाबांनी माझी बॅग आत नेऊन ठेवली आणि खाली उतरून खिडकीशी उभे राहिले. माय डब्यावर डबे देत होती. जवसाची चटणी, कुरडया, सरगुंडे. दुबईत हे कुठे शिजवणार, असं मी म्हणत होते आणि घेतही होते. कंडक्टरनं घंटी मारली तेव्हा बाबा म्हणाले, "दुसऱ्याच्या चुलीवर रांधाले चालली. रांध. पन परत आल्यावर आमाले काई येत नाई असं नको सांगजो." गाडी हलली. त्यांनी हात वर केला नाही. मीही केला नाही. त्या बाबतीत मी त्यांचीच मुलगी आहे.

हे मी लिहिते आहे ते हिवरखेडात राहिलेल्यांसाठी, ज्यांनी माझ्याबद्दल पारावर बसून बरंच काही ठरवून टाकलं. आणि माझ्यासारखं गाव सोडून गेलेल्यांसाठीही, जे पुण्यातून, मेलबर्नमधून मला मेसेज करतात की, अगं, तिकडचं सोडून अमरावतीत स्टेक हाऊस? बरी आहेस ना? बरी आहे. चांगली ठणठणीत आहे. रडगाणं ऐकायला बसला असाल तर दुसरीकडे जा.

आमच्या घरात माय मटण खात नाही. त्यामुळे मटणाची चूल मागच्या अंगणात, भांडी वेगळी, आणि रांधणार बाबा. अर्ध्या हिवरखेडात हीच पद्धत आहे. रोजचा स्वयंपाक बायकांनी मरेस्तोवर करायचा, पण मटणाचा जाळ पुरुषांचा. मी लाकडं आणून द्यायची, मसाला वाटून द्यायची, पाणी भरायची. पळीला हात लावला की बाबा म्हणायचे, "तू बस तिकडे." मी तिकडे बसून सगळं पाहिलं. कोणतं लाकूड कधी ओढायचं, निखारा पांढरा पडल्यावर किती वेळ थांबायचं, चरबी जाळात पडली की आवाज कसा बदलतो. बाबांनी मला शिकवलं नाही, पण लपवलंही नाही. मला एकच हवं होतं. मी रांधलेलं मटण बाबांनी एकदा पुढ्यात बसून खावं. ते सरळ सांगून मिळण्यातलं नव्हतं, म्हणून मी हॉटेल मॅनेजमेंट केलं आणि देश सोडला. हसू नका. माणसं याहून किरकोळ कारणांनी देश सोडतात.

दुबईत मी अर्जेंटिनाच्या पद्धतीच्या एका ग्रिलवर लागले. मार्सेलो नावाचा तिथला मुख्य कुक, त्याच्या देशातून आलेला, सहा फुटी आणि तोंडानं फाटका. पहिल्या दिवशी त्यानं मला सॅलड चिरायला बसवलं. तिसऱ्या आठवड्यात त्याचा जाळ विझत होता, तो फोनवर कुणाशी भांडत होता, आणि मी न विचारता दोन लाकडं ओढून निखारा सरकवला. त्यानं फोन बंद केला, जाळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि चिमटा माझ्या हातात दिला. हिवरखेडात बावीस वर्षांत जे झालं नाही ते तिथे तीन आठवड्यांत झालं. त्या रात्री मी हॉस्टेलवर खूप रडले. आनंदानं नाही. मला बाबांचा राग आला होता.

तिथे गाय-बैलाचं मांस असायचं. मी ते भाजलं, नऊ वर्षं भाजलं. खाल्लं नाही, कारण मला जमलं नाही. आमच्याकडे पोळ्याला बैलाच्या खांद्याला लोणी-हळद चोळून आदल्या दिवशी जेवायचं आमंत्रण देतात. ज्याला आमंत्रण दिलं त्याला खाता येत नाही, एवढं सोपं आहे. पण भाजलं हे मी घरी फोनवर सांगितलं होतं. लपवायचं कशाला? पुढे तेच नडलं, आणि तरी पुन्हा वेळ आली तर पुन्हा सांगेन.

नोकरी गेली म्हणून परत आली, असं गावात म्हणतात. चूक. मार्सेलो मला दुसऱ्या शाखेची मुख्य करत होता. पण दुबईत आम्ही ब्राझीलची संत्री, केनियाचा लसूण आणि ऑस्ट्रेलियातलं मांस एकत्र करून त्याला अर्जेंटिना म्हणायचो. मला वाटायला लागलं, असंच असेल तर अर्जेंटिना वऱ्हाडात का होऊ नये? मी परत आले आणि बडनेरा रोडवर 'पाम्पा स्टेक हाऊस' उघडलं. भिंतीवर टोपीवाले घोडेस्वार, दारात लाकडी चाक, मध्ये काचेआड उघडा जाळ. आणि बाकी सगळं इथलं. बोकड परतवाड्याच्या बाजारातून. लाकूड बाभळीचं, पेटवायला कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या. मार्सेलो ज्या पाल्याची हिरवी चटणी मांसावर ओततो तो इथे मिळत नाही, म्हणून मी सांबार घेतला. पुण्याच्या वाचकांनो, म्हणजे कोथिंबीर, घाबरू नका. त्यात लसूण, संत्र्याच्या सालीचा कीस आणि जवसाचं तेल. पावाऐवजी निखाऱ्यावर फुगवलेली ज्वारीची जाड भाकर. जेवणानंतर चिखलदऱ्याची कॉफी. बोकडाची रान, म्हणजे मागची मांडी, चिवट असते, म्हणून तिला कच्च्या पपईचा गर. मार्सेलोनं फोटो पाहून लिहिलं की, पपई हा गुन्हा आहे. मी लिहिलं, इथे येऊन चावून दाखव.

पहिला महिना चांगला गेला. मग कुणीतरी म्हणालं की स्टेक म्हणजे मोठ्याचं, गाय-बैलाचं. इंटरनेटवर पाहा, स्टेक म्हटलं की काय येतं. दुबईतला माझा ग्रिलवरचा एक फोटो फिरत फिरत गावाच्या ग्रुपवर पोचला. मग टेबलं रिकामी. भलं चिंतणारे सल्ले घेऊन आले. बोर्डावरचा 'स्टेक' काढ, 'बार्बेक्यू' लिही. 'वऱ्हाडी थाळी' लिही. मी म्हणाले, स्टेकच राहील. बोकडाचा राहील, श्रावणात वांग्याचा राहील, पण स्टेकच राहील. मी ज्या शब्दासाठी नऊ वर्षं हात भाजून घेतले तो शब्द पारावरच्या रिकामटेकड्यांना भिऊन पुसणार नाही.

बाबांनी मात्र बोलणं सोडलं. त्यांनी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. त्यांनी विचारलं नाही, आणि न विचारता सांगायचं हे माझ्या स्वभावात नाही. माय फोनवर म्हणायची, "बोलत नाईत थे. पन तुहा फोन आला का टीव्हीचा आवाज कमी करतेत."

माझ्या किचनमध्ये शकुंतलाबाई आहेत, परतवाड्याच्या. पन्नाशीच्या, आणि ऐकून घेण्याचा स्वभाव नाही. ताटं त्या लावतात. एक दिवस मी पाहिलं की प्रत्येक स्टेकच्या शेजारी त्यांनी एक भाजलेलं हाड आणि कलेजीचा तुकडा ठेवला आहे. मी भडकले. स्टेक म्हणजे एकसंध काप, बाकी ताट स्वच्छ, हे मी त्यांना दहा वेळा शिकवलं होतं. बाकीचं सगळं, चाप, कलेजी, गुर्दे, मी खाटकालाच परत देऊन टाकत होते, त्यातूनच त्यांनी हे बाजूला काढलं होतं.

"काहून ठेवलं हे?" मी विचारलं. रागात माझीही भाषा गावाला जाते.

त्या शांतपणे म्हणाल्या, "बिनहाडाचं ताट पुढं ठेवलं तर मानूस काय समजन? एक तर चांगलं यायनं ठेवून घेतलं, नाई तर हे कशाचं हाय थे दिसू द्याचं नाई. हाड पाह्यलं का कळते ना बापा, बोकड हाय का काय हाय."

मी तिथेच स्टुलावर बसले. कारण हे मला माहीत होतं. जन्मापासून माहीत होतं. आमच्याकडे पाच-सात घरं मिळून एक बोकड घेतात आणि त्याचे वाटे घालतात. पळसाची पानं ओळीनं मांडायची आणि प्रत्येक पानावर सगळ्यातलं थोडं थोडं. रान, दस्ती म्हणजे पुढची तंगडी, चाप, कलेजी, गुर्दा, नळी. एकाला नुसती मांडी आणि दुसऱ्याला नुसतं हाड असं केलं तर भांडणं होतात, पिढ्यान्‌पिढ्या चालतात. त्यामुळे वाटे घालणारा माणूस गावानं मानलेला लागतो. आमच्या आळीत तो माणूस म्हणजे माझे बाबा. आणि त्यांची मुलगी वऱ्हाडी माणसापुढे बिनहाडाचा, बिनकलेजीचा, कुणाचा ते न कळणारा एक चौकोनी तुकडा ठेवत होती आणि वर म्हणत होती, विश्वास ठेवा. बसस्टँडवर बाबांनी जे करू नको म्हणून बजावलं होतं, नेमकं तेच मी केलं होतं. गावाला काही येत नाही, असं धरून चालले होते.

दुसऱ्या दिवसापासून हाडासकट काप, सोबत चाप, कलेजी, गुर्दा. तसं पाहिलं तर अर्जेंटिनातही घरोघरी असंच सगळं भाजतात, मार्सेलोनं ते कितीदा सांगितलं होतं. बिनहाडाचा चौकोन हा हॉटेलांचा चोचला. हे मी भिऊन केलं नाही. चूक होती, सुधारली. बोर्ड तसाच राहिला. माणसं हळूहळू परत यायला लागली.

हिवरखेडला मात्र हे कोण सांगणार? श्रावण संपला, पोळा झाला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी कर. महिनाभराचा उपास सोडून वऱ्हाड त्या दिवशी मटणावर तुटून पडतं, आणि आमच्या आळीत वर्षातले सगळ्यात मोठे वाटे त्याच दिवशी पडतात. पोळ्याच्या संध्याकाळी मायचा फोन आला. ती हळू आवाजात बोलत होती. पारावर चौघं म्हणाले होते की औंदा वाटे दुसरा कोणी घालील, ज्याची पोरगी मोठ्याचं रांधते त्याच्या हातचं नको. बाबा घरी आले होते आणि गोठ्यात जाऊन बसले होते.

फोन ठेवल्यावर मला पहिल्यांदा वाटलं, बोर्ड उतरवावा. माझ्या हट्टाची किंमत मी दिली असती, पण ती बाबांकडून वसूल होत होती. अर्धी रात्र मी तशीच पडून होते.

सकाळी अकरा वाजता, आम्ही जाळ लावत असताना, दारात जीप थांबली. बाबा उतरले, धुतलेलं धोतर, पांढरी टोपी. मागोमाग पारावरचे तेच चौघं म्हातारे. बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. घोडेस्वारांच्या चित्रांकडेही पाहिलं नाही. चौघांना घेऊन सरळ किचनमध्ये शिरले. त्या दिवशीचा बोकड आकड्याला अख्खा टांगलेला होता.

"घ्या पाहून," बाबा त्यांना म्हणाले. "डोये हाय ना? शेपूट पाहा. गुर्दे पाहा. हात लावा."

चौघांनी पाहिलं. एकानं खरंच हात लावला. सगळ्यात मोठे होते ते नामदेवकाका, त्यांनी घसा खाकरला. "बरं, बोकडच हाय. आमची चुकी झाली. चाल घरी, वाटे तूच घाल."

"गावात नाई," बाबा म्हणाले. "आजचे वाटे इथं."

त्यांनी शकुंतलाबाईंकडून सुरी मागून घेतली, धार अंगठ्यावर पाहिली आणि कामाला बसले. पळसाची पानं नव्हती, तर माझ्या लाकडी पाट्या ओळीनं मांडल्या. रान, दस्ती, चाप. मी जाळापाशी उभी होते. मला वाटलं होतं, आता म्हणतील, तू बस तिकडे. ते म्हणाले, "निखारा तयार ठेव." इतक्या वर्षांनी एवढंच. माझे डोळे भरून आले आणि मी धुराचं नाव पुढे केलं नाही. चौघांसमोर सरळ पदर लावला डोळ्यांना.

नामदेवकाका मोजत होते. वाटा माणसाला नसतो, घराला असतो. लग्न करून वेगळा झालेला मुलगा चुलीसकट वेगळा झाला की त्याचा वाटा वेगळा पडतो, तोपर्यंत नाही. मुलीचा तर कधीच नाही. ते चौघं आणि बाबा, घरं पाच. पाट्या सहा मांडलेल्या.

"एक जास्तीचा झाला," नामदेवकाका म्हणाले. "हा कोनाचा?"

बाबांनी सुरी फडक्याला पुसली. "हे घर नाई का? इथं चूल हाय. पेटली हाय. मंग वाटा नको पडाले?"

मी भाजलं, मीठ आणि जाळ, वरून सांबार. ते पाचही जण टेबलाशी बसले, माझे बाबा मधोमध, आणि त्यांनी पहिला घास घेतला तो मी पाहिला. काय म्हणाले ते सांगणार नाही, ते माझं आहे.

आता मला कुणी विचारलं की घर कुठलं, तर मी बडनेरा रोड सांगते. हिवरखेड माहेर आहे, दुबई नोकरी होती. घर ते, जिथे आपल्या नावाचा वाटा पडतो. आणि वाटा पडला की तो नीट पाहून घ्यायचा असतो, लाजायचं नसतं. माझ्या पाटीवर त्या दिवशी कलेजी कमी दिसली. मी सगळ्यांदेखत सांगितलं, "बाबा, माहा वाटा बरोबर नाई पडला," आणि त्यांच्याकडून पुरा करून घेतला.