नासिरला शिकवलेला डाव

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. अम्मीला नाही, बहिणीला तर नाहीच. तुला सांगतोय, तरी मधेच विषय बदलावासा वाटतोय — बघ, जुनी खोड.

आमचे चाचा कुवेतला. सुट्टीवर आले की त्यांची बॅग सगळ्या घरासमोर उघडायची, ही आमच्याकडची रीत. दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट. साबणाच्या वड्यांखालून हातात मावतील असे दोन व्हिडिओ गेम निघाले — एक रंगीत, एक साधा. मी आणि माझा आतेभाऊ नासिर, दोघंही रंगीतवर टपलेलो. चाचा म्हणाले, ईदला लढा, जिंकेल त्याचा रंगीत.

खेळ राक्षसांच्या लढाईचा. पाण्याचा राक्षस आगीच्याला भारी, आगीचा गवताच्याला — एवढं कोणालाही कळतं. पण एका राक्षसाला स्वतःचा प्रकारच बदलता यायचा. तो कशासाठी बदलायचा? समोरच्याचा मार कमी लागावा म्हणून? की आपला जास्त लागावा म्हणून? दोन्ही चालतं. आगीचा फटका मारायचा तर आधी स्वतः आगीचं व्हायचं, फटका दीडपट बसतो. हे सगळं सोबतच्या पुस्तिकेत होतं, इंग्रजीत. नासिर उर्दू शाळेतला, मी इंग्रजी. वाचून सांगायचं काम माझं.

मी अर्धंच सांगितलं — नाही, थांब. अर्धं नाही. खोटं सांगितलं. त्याने सरळ विचारलं होतं, "बदललं की आपला फटका वाढतो काय रे?" मी पानावर बोट ठेवून म्हटलं, "नाही. ते फक्त बचावासाठी."

का? कारण मेला एक अक्षर न वाचता मला रोज हरवायचा. डोकं त्याचंच चालायचं. मला ते सहन होत नव्हतं, बस्स.

ईदला शीरखुर्म्याच्या वाट्या हातात घेऊन सगळं घर बघत बसलं. नासिर मार खायचा, प्रकार बदलायचा, परत मार खायचा. बिचारा टिकला बराच वेळ, पण त्याचा एक फटका धड लागेना. हरल्यावर रंगीत मशीन स्वतःच माझ्या हातात दिलं. "डोक्याची कामं तुझी. आपल्याला नाय जमायची." सगळे हसले. मीही हसलो.

मग ते वाक्य घरात रुळलंच. नासिरला डोकं नाही. पुढच्या वर्षी त्याने शाळा सोडली, मिरकरवाड्याच्या बंदरात मासेमारीच्या लाँचवर गेला. त्या एका खेळामुळे? नसेलही. पण खरं काय ते मला एकट्याला माहीत होतं, आणि मी गप्प होतो.

आता तोही कुवेतला असतो. परवा सुट्टीवर आला, माझ्या भाचीसाठी तसल्याच राक्षसांचा नवा गेम घेऊन. पडवीत तिला शेजारी बसवून शिकवत होता — प्रकार बदलायचा तो फक्त बचावासाठी, हां. तिने विचारलं, कोणी सांगितलं?

"तुझ्या मामूने. इंग्रजीतून वाचून सांगितलंय, चुकायचं नाय."

तिने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली — हो म्हणून.