जखम भरणारं जेल

बातमी रविवारी छापून आली. गोत्रीतल्या आमच्या सोसायटीत रविवारी लोक उशिरा उठतात, मीही. त्या दिवशी मात्र चहा व्हायच्या आतच बेल वाजली. दारात एक अनोळखी गृहस्थ उभे होते, हातात घडी घातलेला गुजराती पेपर.

"बेन, जखम भरवानी जेल तमेज बनावो छो ने?"

जखम भरणारं जेल मीच बनवते का, याला हो म्हणावं की नाही हे ठरवेपर्यंत त्यांनी पँटचा पाय गुडघ्यापर्यंत वर केला होता.

दुपारपर्यंत आणखी काही जण येऊन गेले. एक बाई अंथरुणाला खिळलेल्या सासूच्या पाठीचा फोटो मोबाईलवर घेऊन आल्या होत्या. सगळ्यांना मी तेच सांगत होते, की ते अजून प्रयोगशाळेतलं काम आहे, औषध नाही. लोक ऐकून घ्यायचे, मान हलवायचे आणि विचारायचे, "तो क्यारे मळशे?" म्हणजे, मग कधी मिळेल?

मी विद्यापीठात प्रथिनांवर काम करते. बहुतेक प्रथिनांची पेशीत एक ठरलेली घडी पडते आणि त्या घडीवरच त्यांचं काम चालतं. मी ज्यांच्यामागे इतकी वर्षं घातली, त्या प्रथिनांची अशी घडी पडतच नाही. पाण्यात सोडलेल्या दोऱ्यासारखी ती सतत हलत, वळत राहतात. त्यांतल्याच एका प्रथिनावरून आम्ही एक नवीन बनवलं. थंड असताना ते पाण्यासारखं पातळ राहतं आणि अंगाच्या उबेला आळतं. जखमेत ओतलं तर खाचाखोचांत भरून तिथंच बसेल आणि कडेच्या पेशींना त्यावरून सरकत येता येईल, अशी कल्पना होती. विभागात शाळेच्या मुलांसाठी कार्यक्रम होता, तिथं आलेल्या वार्ताहराला मी हे 'कल्पना आहे' असं पुन्हा पुन्हा सांगितलं होतं. तो घाईत होता. बातमीत कल्पना गळून गेली आणि जेल राहिलं.

संध्याकाळी खालच्या मजल्यावरचे काका आले, मागून काकू. काका रिफायनरीतून निवृत्त झालेले. आमच्या इमारतीत मराठी घरं दोनच, त्यांचं आणि आमचं, त्यामुळे त्यांना माझ्यावर हक्क आहे असं मीही धरून चालते. आईच्या शेवटच्या आजारपणात दर वेळी त्यांनीच गाडी काढली होती. अलकापुरीतल्या दवाखान्याबाहेर ते तासन् तास बसून राहायचे आणि वर विचारायचे, "अगं, तू जेवलीस का?"

काका सोफ्यावर बसले, चप्पल काढली आणि डाव्या पायाची पट्टी सोडायला लागले. अंगठ्याखाली जखम होती. साखर जुनी. नवी चप्पल चावली आणि पायाला संवेदना कमी झाल्यामुळे त्यांना ते कळलंच नव्हतं. काकूंना फरशीवरचे डाग दिसले, तेव्हा लक्षात आलं.

"हे बघ," काका म्हणाले, "आता घरचीच डॉक्टर आहे म्हटल्यावर मी कुठं जाऊ?"

"काका, मी ती डॉक्टर नाही. आणि ते माणसाला लावण्याजोगं नाही झालेलं."

"पेपरात तर आलंय."

"पेपरवाल्याने घाई केली. आम्ही अजून उंदरालासुद्धा लावलेलं नाही."

"मग मला लाव. मी उंदरापेक्षा केवढा तरी मोठा आहे." काका हसले. काकू हसल्या नाहीत.

मी त्यांना समजावून सांगितलं. हे प्रथिन आम्ही जिवाणूंकडून बनवून घेतो. जिवाणू वाढवायचे, फोडायचे आणि त्या चिखलातून आपलं प्रथिन वेगळं काढायचं. जिवाणूंच्या कवचातलं एक विष मात्र त्याला चिकटून येतं. निरोगी माणसाला त्याने ताप येईल, सूज येईल. साखर असलेल्या माणसाच्या उघड्या जखमेत ते घातलं तर काय होईल, याचा विचारही मला करायचा नव्हता.

"एवढंसं दे," ते बोटाचं पेर दाखवत म्हणाले. "मी कोणाला सांगणार नाही."

"काका, नाही."

ते पट्टी बांधून उठले. दारात काकू थोड्या मागे थांबल्या आणि मग त्यांच्यामागोमाग जिना उतरल्या.

पुढचे दिवस कामात गेले. विष काढायची आमची रीत तशी साधी आहे. द्रावण गरम केलं की प्रथिन पांढरं होऊन खाली बसतं. वरचं पाणी ओतून द्यायचं, खालचं बर्फाच्या पाण्यात विरघळवायचं, की पुन्हा गरम. दर फेरीला थोडी घाण निघून जाते आणि थोडं प्रथिनही जातं. माझी विद्यार्थिनी, सुरतेकडची एक शांत मुलगी, हे करून करून इतकी वैतागली होती की तिने बोलणंच कमी केलं होतं. त्यात मे महिना. ए.सी. बंद पडला की प्रथिन टेबलावरच आपणहून पांढरं व्हायचं आणि आम्ही दोघी बर्फ आणायला धावायचो. शेवटी तपासणीला पाठवायचं आणि उत्तर यायचं, विष आहे. कमी आहे, पण आहे.

सकाळी निघताना काका फाटकाशी बाकावर बसलेले असायचे.

"झालं का गं शुद्ध?"

"नाही, काका."

"सारु, सारु. चालू दे."

त्या 'चालू दे'त राग नव्हता, आणि तेच मला जड जायचं. मग मी स्कूटर मागच्या फाटकाने काढायला लागले.

एक दिवस काकूच वर आल्या. "आमच्याबरोबर सर्जनकडे येशील का? ते इंग्रजीत भराभर बोलतात. तू नुसतं ऐक आणि मला सांग."

मी सुट्टी टाकली आणि गेले. सर्जननी जखम साफ केली, खोली पाहिली आणि विचारलं, "पायावर भार टाकू नका म्हटलं होतं. चालताय का?"

"घरातल्या घरात," काका म्हणाले.

"खंडेराव मार्केटला जातात," काकू म्हणाल्या. "दर आठवड्याला. भाजी दुसऱ्या कोणी आणलेली चालत नाही त्यांना. दुखत नाही म्हणतात, म्हणून चालतात."

सर्जन माझ्याकडे वळले. "आणि तुम्ही त्या जेलवाल्या बेन ना? माझे निम्मे पेशंट तुमचं जेल मागतायत." ते चिडले नव्हते, दमले होते. मी म्हटलं, "माझ्याकडेही तेच येतायत." त्यांनी मला खुर्ची दिली आणि काकांच्या पायासाठी कसली चप्पल लागेल, साखर कुठवर खाली यायला हवी, हे सगळं सावकाश सांगितलं. मी ते काकूंना मराठीत सांगितलं. काका खिडकीबाहेर बघत होते.

चप्पल आली. ती जड आहे म्हणून काकांनी कोपऱ्यात ठेवली. पावसाळ्यात अंगठा काळा पडला आणि काढावा लागला.

इस्पितळातून घरी आल्यावर ते माझ्याशी बोलेनासे झाले. मी डबा घेऊन गेले की ते डोळे मिटून घ्यायचे. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. सकाळी कोणी विचारणारं नव्हतं. पण मागच्या फाटकाची सवय काही मोडली नाही.

मग काकूंनी एकदा जिन्यात थांबवून सांगितलं. "तुला वाईट वाटेल, पण सांगते. ते म्हणतात, असं काही नव्हतंच मुळी. पोरीने पेपरात नाव छापून घेतलं, आणि मागायला गेलो तर विष आहे म्हणाली."

मला वाटलं होतं, मी दिलं नाही म्हणून ते रागावलेत. त्यांना वाटत होतं की द्यायला माझ्याकडे काही नव्हतंच. त्या रात्री मी जेवले नाही. भूक नव्हती म्हणण्यापेक्षा, ताट वाढून घ्यायचा कंटाळा आला.

शनिवारी मी त्यांच्या दारात उभी राहिले. "काका, चला. तुम्हाला दाखवते."

"काय दाखवतेस आता?"

"चला तर खरं."

रिक्षाने गेलो. विभागाच्या पायऱ्या चढताना त्यांनी एका हाताने कठडा धरला आणि दुसरा माझ्या खांद्यावर ठेवला. विद्यार्थिनीने बर्फातून एक बारीक नळी काढली. आतलं द्रावण पाण्यासारखं स्वच्छ होतं. "दादा, मुठीमां राखो," ती म्हणाली. काकांनी नळी मुठीत धरली. आम्ही तिघंही त्या मुठीकडे बघत राहिलो. मूठ उघडली तेव्हा आतलं सगळं दुधासारखं पांढरं झालं होतं.

काकांनी नळी डोळ्यांजवळ नेली. मग ती स्वतःच बर्फात खोचली, थोड्या वेळाने काढून पाहिली. पुन्हा स्वच्छ. पुन्हा मूठ, पुन्हा पांढरं. ते किती तरी वेळ हे करत राहिले.

"म्हणजे आहे," ते म्हणाले.

"आहे, काका."

"आणि विष?"

"तेही आहे. दिसत नाही."

त्यांनी नळी विद्यार्थिनीच्या हातात परत दिली आणि तिला गुजरातीत विचारलं की हे रोज करून कंटाळा येत नाही का. ती पहिल्यांदाच मोकळं हसली. "बहु आवे, दादा." खूप येतो.

हिवाळ्यात एक खेप तपासणीतून पार पडली. आम्ही ती उंदरांच्या जखमांवर लावून पाहिली. जखमा भरल्या. पण साध्या पट्टीखालच्या जखमाही जवळपास तितक्याच वेळात भरल्या. विद्यार्थिनी आकडे घेऊन आली आणि कागद माझ्यासमोर ठेवून बसली. प्रथिन जखमेत टिकत नव्हतं. मोकळं, बिनघडीचं, त्यामुळे जखमेतली पाचक द्रव्यं ते भराभर तोडत होती. मी तिला घरी जायला सांगितलं आणि स्वतः तिथंच बसले. रडू आलं नाही. रडायलाही अंगात काही लागतं.

अंगठा काढल्याची काकांची जखम तोवर भरत आली होती. शेवटी पायात घातलेल्या त्या जड चपलेने, रोजच्या साध्या ड्रेसिंगने आणि काकूंनी साखरेवर ठेवलेल्या पहाऱ्याने. भाजी आता काकू आणतात आणि काका प्रत्येक वांग्याला नाव ठेवतात.

उंदरांचं मी त्यांना सांगितलं. सांगायची गरज नव्हती, पण मी पुन्हा पुढच्या फाटकाने जायला लागले होते, तिथं त्यांनी मला थांबवून विचारलं, आणि मला टाळाटाळ करायचा कंटाळा आला होता.

"काही फरक नाही पडला, काका. साधी पट्टी आणि ते, जवळपास सारखंच."

त्यांनी बाकावर हात टेकले.

"मग तू दिलं असतंस, तरी अंगठा गेलाच असता?"

"माहीत नाही. कदाचित आधीच गेला असता."

"हं." त्यांनी पाय पुढे केला, चपलेचा पट्टा नीट लावला. "आता पुढे काय करणार?"

"त्याचे दोरे थोडे एकमेकांत अडकवून बघायचे, म्हणजे जखमेत जरा जास्त टिकेल. मग ते शुद्ध करायचं. पहिल्यापासून."

"पहिल्यापासून," ते म्हणाले. मग बाकावर जरा बाजूला सरकले. "बस जरा. एवढं काय जायचंय?"

स्कूटर स्टँडवर लावून मी त्यांच्या शेजारी बसले. उन्हं अंगावर येत होती. काका काकूंच्या वांग्यांबद्दल बोलत राहिले. मी हं हं म्हणत होते. कामावर जायला उशीर होत होता, पण उठावंसं वाटेना.