हळदीच्या अंगानं पाठवलेला नकाशा
ओल्या हळदीचा वास आला की मला माहेरच्या गावचा, जठारपेठेतला सायबर कॅफे आठवतो. लग्नाच्या आदल्या दिवशी मला हळद लागत असतानाच कोकणातल्या आमच्या ऑफिसातून फोन आला. मच्छीमारांच्या जेट्टीसाठी केलेला किनारा-परवानगीचा अर्ज परत आला होता, कारण त्याला भरतीरेषेचा नकाशा जोडलेला नव्हता. नकाशा माझ्या लॅपटॉपमध्ये होता. तो संध्याकाळपर्यंत गेला नाही, तर अर्ज पुढच्या बैठकीवर ढकलला जाणार होता, आणि मच्छीमार आधीच दोन हंगाम थांबलेले. फाइल एवढी जड की मोबाइलच्या नेटवरून जाईना. नकाशा पेनड्राइव्हवर घेऊन मी कॅफेत जायला उठले तशी आई ओरडली, "हळदीची नवरी घराबाहेर जाते काय? काहून ऐकून नाही राहिली तू?" पण माझी तगमग पाहून तिनंच नजर लागू नये म्हणून माझ्या हातात अडकित्ता दिला आणि सोबत निघाली. कॅफेत मी पिवळ्या बोटांनी बटणं दाबत होते, पडद्यावरचं चक्र नुसतं फिरत होतं, आणि आई दारातून सारखी विचारत होती, "गेला काय व तुया समुद्र?" अखेर पोचपावती उमटली. "गेला," मी म्हटलं, तेव्हा कुठे ती पायरीवर टेकली. जेट्टी आता उभी आहे. आईनं समुद्र अजून पाहिलेला नाही, पण फोनवर आधी त्याची खुशाली विचारते, मग माझी.