हातांनी ठेवलेलं नाव

मोठ्या बाईंनी आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला, आणि तोही दुसऱ्याचं कौतुक करताना. मी शेजारच्याच वर्गाला शिकवते. सगळं डोळ्यांदेखत झालं, म्हणून सांगते. माझ्या जिभेला हाड नाही असं शाळेत सगळे म्हणतात. म्हणेनात का.

मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. चष्मा सारखा नाकावरून घसरायचा, आणि त्या तो बोटाने वर सारायच्या. ऑफिसात टेबलाच्या एका पायाखाली वीट, कपाटाचं दार सुतळीने बांधलेलं. अशा शाळेत त्यांनी एका बहिऱ्या मुलीला घेतलं. बाकीच्या शाळांनी तिला दारातूनच वाटेला लावलं होतं. तिची आई पलीकडच्या गल्लीत कपड्यांना इस्त्री करते. पोरगी एका जागी टिकेल तर शपथ, म्हणून आम्ही तिला भिंगरी म्हणायचो.

पण तिला शिकवायचं कसं? आमच्यापैकी कुणाला येत होतं डोंबल. मोठ्या बाईंनी आमच्यातल्या धाकट्या बाईंना हातांची भाषा शिकायला पाठवलं. तोवर त्यांचा वर्ग स्वतः घेतला आणि ऑफिसची कामं घरी नेली. धाकट्या बाई परत आल्या, त्यांनी भिंगरीला शिकवलंच, वर अख्ख्या वर्गाला हातांनी बोलायला लावलं. हजेरीसुद्धा हातांनी. भिंगरीने प्रत्येकाला हातांचं एकेक नाव दिलं. नाकावर बोट ठेवून चष्मा वर सारला की मोठ्या बाई. दोन्ही हात कमरेवर आणि भुवया वर, की मी. कार्टीने बरोब्बर पकडलं होतं.

मग आमच्याकडे संशोधन करायला एक बाई आल्या. मुख्याध्यापक शाळा कशी चालवतात, शिक्षक कसे तयार होतात, सगळ्या मुलांना सारखी संधी मिळते का, असा त्यांचा विषय. बोलायला गोड, कामाला चोख. त्यांनी विचारलं, हे तुम्हाला जमलं कसं? दुसरी कुणी असती तर स्वतःची टिमकी वाजवली असती. मोठ्या बाई म्हणाल्या, माझं काही नाही, धाकट्या बाई आहेत म्हणून हा वर्ग आहे. मी मागून डोळे वटारले, आवरा म्हटलं. पण त्या तोंडभरून सांगत राहिल्या.

मग त्या संशोधक बाईंनी अहवाल लिहिला. त्यात एक शब्द खोटा नव्हता, तेच तर दुखणं. अशा शिक्षिकेने इतर शिक्षकांना शिकवावं, असं त्यात लिहिलं होतं. वरच्यांना ते पटलं. धाकट्या बाईंची प्रशिक्षण केंद्रावर नेमणूक झाली. जाताना त्या हमसून हमसून रडल्या.

त्यांच्या जागी नवे गुरुजी आले. माणूस वाईट नाही, पण ही भाषा त्यांना येत नव्हती. हलणारे हात म्हणजे खोड्या, एवढंच त्यांना कळायचं. 'हात खाली' म्हणत राहिले, आणि मुलं हळूहळू विसरली. भिंगरी हात मांड्यांखाली दाबून बसायला लागली. एका जागी न टिकणारी पोरगी, आणि आता ढिम्म.

मधल्या सुट्टीत मात्र ती ऑफिसच्या दारात यायची. धाकट्या बाईंचं नाव हातांनी करून पंजा उघडायची, म्हणजे कुठे आहेत? मोठ्या बाईंना चारदोन खुणाच येत होत्या. त्या गालाजवळची मूठ पुढे न्यायच्या. उद्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा तीच मूठ.

बाई नुसत्या खोटं बोलत नव्हत्या. शिक्षणाधिकाऱ्यांकडे त्यांनी खेटे घातले. एकदा मीही सोबत गेले. साहेब शांतपणे म्हणाले, "बाई, एका मुलीसाठी बाकीच्या सगळ्या शाळांचं नुकसान करायचं का? आणि त्या किती चांगल्या आहेत हे तुम्हीच सांगितलंत ना?" मला भांडायचं होतं. पण साहेबांचं चुकलं कुठे, तेच सापडेना. मोठ्या बाईंनी चष्मा वर सारला आणि उठल्या.

भिंगरीच्या आईने तिला शाळेतून काढलं. घरी निदान हात तरी हलवते, म्हणाली.

परवा मोठ्या बाईंना केंद्रावरून बोलावणं आलं. समान संधी या विषयावर भाषण करायचं. त्या मला घेऊन आधी इस्त्रीच्या टपरीवर गेल्या. भिंगरी घड्या घालत होती. तिने आमच्याकडे पाहिलं, आईचा पदर ओढला आणि गालाजवळची मूठ पुढे नेली.

आई हसली. म्हणाली, "हे तुमचं नाव. तुमची गोष्ट सांगताना ती हेच करते. आधी नाकावर बोट ठेवायची, आता हे. अर्थ काय हो त्याचा?"

मोठ्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचा चष्मा नाकाच्या टोकाशी आला होता, तो त्यांनी वर सारला नाही. भिंगरी पुन्हा घड्या घालायला लागली. आई इस्त्री हातात धरून उत्तराची वाट पाहत राहिली.